आठ महिने वापरल्यावर: दोन गाण्यांमधली फट

काल रात्री टूल या रॉक बँडचा 'लॅटरलस' हा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत ऐकला. जवळजवळ 79 मिनिटं, मधे एकदाही न अडखळता आणि जसा ऐकू यायला हवा तसा. हा खिशात मावणारा म्युझिक प्लेअर घेतल्यापासून आठ महिन्यांत पहिल्यांदाच, म्हणून लिहायला बसलो.

चिप कोणती, स्क्रीन केवढा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बॅटरी मला दोन दिवस पुरते. बटणं दणकट आहेत. इयरफोनची पिन सहाव्या महिन्यापासून जरा सैल बसते, थोडी फिरवली की दोन्ही कानांत आवाज येतो. एवढं पुरे. मला बोलायचंय ते फटीबद्दल.

याच अल्बममधलं 'पॅराबोल' हे गाणं तीन मिनिटं दबक्या आवाजात चालतं, जवळजवळ कुजबुजत, आणि त्याच्या पोटातूनच पुढचं गाणं, 'पॅराबोला', फुटतं. सीडीवर ट्रॅक दोन असले तरी मधे श्वास घ्यायला जागा नाही. तीन मिनिटं ताणत आणलेलं सगळं त्या एका क्षणी सुटतं, आणि नेमका तिथेच माझा प्लेअर अर्धा सेकंद गप्प व्हायचा. टक्, शांतता, मग गिटार. अर्ध्या सेकंदाने काय बिघडतं, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. सगळं बिघडतं. 2001 पासून हा अल्बम ऐकतोय, ती उडी मला श्वासासारखी पाठ आहे.

सर्व्हिस सेंटरच्या तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या वेळी रीसेट करून दिला, माझ्या सगळ्या याद्या पुसल्या गेल्या. दुसऱ्या वेळी तिथल्या माणसाने स्वतःकडची कुठलीशी दोन गाणी टाकून लावली. "साहेब, एक संपलं, दुसरं लागलं. बिघाड काय आहे यात?" मी इयरफोन त्याच्या हातात दिले आणि 'पॅराबोल'चा शेवट ऐकवला. त्याने ऐकलं, मान डोलावली आणि पावतीवर लिहिलं: दोष आढळला नाही. तो कागद मी जपून ठेवलाय. तिसऱ्या फेरीत बोर्ड बदलला. फट होती तशीच.

चौथ्या महिन्यात हे लिहिलं असतं तर एकच तारा दिला असता. पण मग एका रविवारी फायली तपासायला घेतल्या आणि निम्मी चूक माझी निघाली. एमपीथ्री फाइल ठरावीक तुकड्यांत बांधलेली असते. एका तुकड्यात 1152 सॅम्पल (आवाजाचे मोजलेले बारीक नमुने), म्हणजे साधारण 26 मिलिसेकंद. गाणं त्या मापात बरोबर बसत नाही, म्हणून एन्कोडर, म्हणजे गाण्याची एमपीथ्री बनवणारा प्रोग्रॅम, सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरतो. चांगला एन्कोडर ती किती भरली याची नोंद फाइलमध्ये ठेवतो आणि प्लेअर तेवढी कापून टाकतो. माझ्या जुन्या फायलींत ती नोंदच नव्हती. कापायचं किती, हे प्लेअरला कळणार कसं?

टूलचे अल्बम 2019 पर्यंत स्ट्रीमिंगवर नव्हतेच, त्यामुळे सीडी घरात होत्या. त्यासाठी वेगळा खर्च झाला नाही, हे बरं झालं. सगळ्या पुन्हा फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळणाऱ्या फाइल प्रकारात, उतरवून घेतल्या. फ्लॅक सॅम्पल मोजून तेवढेच ठेवतो, एक जास्त नाही की एक कमी नाही. फट अर्ध्या सेकंदावरून डोळ्याची पापणी लवावी इतकी झाली. उरलेली मात्र प्लेअरचीच होती. हा पठ्ठ्या पहिली फाइल संपल्यावरच दुसरी उघडायचा. पाचव्या महिन्यात फर्मवेअरचा, म्हणजे प्लेअरच्या आतल्या सॉफ्टवेअरचा, अपडेट आला आणि तीही गेली. म्हणजे बोर्ड बदलायची गरज कधीच नव्हती. सर्व्हिसवाल्यांवरचा माझा राग त्यामुळे वाढलाच.

तरीही 'पॅराबोला' लागताना काहीतरी फिकं वाटत होतं. फट नाही, पण धक्काही नाही. त्यात आणखी दोन महिने गेले. कारण होतं आवाज सारखा करणारं सेटिंग. ते 'ट्रॅक गेन'वर होतं. त्यात प्रत्येक गाणं वेगळं मोजलं जातं, म्हणजे कुजबुज वर उचलायची आणि स्फोट खाली दाबायचा. अल्बम ऐकणाऱ्याने ते 'अल्बम गेन'वरच ठेवावं. त्यात सगळ्या अल्बमला एकच माप लागतं, मऊ ते मऊ राहतं आणि जड ते जड. काल रात्री सेटिंग बदलून ऐकलं आणि अंगावर काटा आला.

आवाजाबद्दल मात्र पहिल्या दिवसापासून तक्रार नाही. ब्लॅक सॅबथचा 1971 चा 'मास्टर ऑफ रिअॅलिटी' लावून बघा. कारखान्यातल्या अपघातात त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली होती. तारा दाबायला सोपं जावं म्हणून त्याने या अल्बमच्या काही गाण्यांत गिटार तीन सेमीटोन (अर्धे सूर) खाली उतरवली. त्या ढिल्या तारांची जाड घरघर या प्लेअरवर वेगळी, सुटी ऐकू येते, बेसमध्ये बुडून जात नाही. याच एका गोष्टीसाठी तो परत केला नाही.

मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' लावून कोणी याच्या आवाजाला नावं ठेवू नयेत. 2008 चा तो अल्बम मुळातच, सीडीसाठी अंतिम प्रत बनवतानाच, आवाज इतका चढवून मास्टर केलाय की ड्रमचा आवाज फाटतो. तिथे कुठलाच प्लेअर काही करू शकत नाही.

निर्वाणा या बँडच्या 'नेव्हरमाइंड'च्या सीडीवर शेवटच्या गाण्यानंतर दहाएक मिनिटं शांतता आहे आणि मग लपवलेलं गाणं येतं. बॅटरी वाचवायची सोय चालू असेल तर हा प्लेअर त्या शांततेतच बंद पडतो. ती सोय आधीच बंद करून ठेवा.

एक दोष अजून आहे. बॅटरी पूर्ण उतरली की 'अल्बम गेन' आपोआप पुन्हा 'ट्रॅक गेन'वर जातं. आज सकाळीच सर्व्हिसवाल्यांना कळवलंय, या वेळी लेखी. सोबत ती 'दोष आढळला नाही'ची पावतीही जोडली आहे.