एमजीबीच्या जुळ्या एसयू कार्ब्युरेटरांसाठी रीबिल्ड किट : एक परीक्षण

एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी बाळगणाऱ्या मंडळींकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. गाडी सुरू होते, रस्त्यावर बरी धावते, पण सिग्नलला उभी राहिली की आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतल्या इंजिनाचा वेग, कधी उगाच चढते, तर कधी इंजिन आता बंद पडते की काय असे वाटते. अशा वेळी बहुतेकांचा हात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या कार्ब्युरेटरखालच्या, मिश्रणाच्या नटाकडे जातो. तो नट कितीही फिरवला तरी गुण येत नाही, कारण पुष्कळदा मूळ दोष झिजलेल्या भागांतून आत शिरणाऱ्या हवेत असतो. या दुखण्यावर इंग्लंडमधील सॅलिसबरी येथील बर्लेन कंपनीचे, एमजीबीवरच्या एसयू जातीच्या कार्ब्युरेटरांसाठीचे रीबिल्ड किट हा आज मिळणाऱ्या इलाजांपैकी सर्वांत भरवशाचा आहे, असे माझे मत आहे. मात्र ते कोणत्या कार्ब्युरेटरला पुरेसे आहे आणि कोणत्याला नाही, हे समजून घेतल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत. म्हणून हे परीक्षण जरा विस्ताराने लिहीत आहे.

ज्या गाडीवर हे किट बसवले ती १९६६ सालची, उघड्या टपाची एमजीबी आहे. तिचे इंजिन १८जीबी मालिकेतले, म्हणजे पाच मेन बेअरिंगांचे आणि १७९८ सीसीचे आहे. १९६२ पासून १९८० पर्यंत अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या सुमारे ५ लाख एमजीबींपैकी ही एक. इंजिनाच्या डाव्या अंगाला एचएस४ जातीचे दोन एसयू कार्ब्युरेटर शेजारी शेजारी बसवलेले असतात. नावातील ४ हा आकडा घशाचा व्यास सांगतो: १ इंच अधिक ४ अष्टमांश, म्हणजे दीड इंच. याच हिशेबाने एचएस२ सव्वा इंचाचा आणि एचएस६ पावणेदोन इंचांचा होतो.

एसयूची रचना इतकी साधी आहे की ती एकदा कळली, की किटमधला प्रत्येक तुकडा कशासाठी आहे ते आपोआप कळते. जॉर्ज हर्बर्ट स्किनर यांनी १९०५ साली या कार्ब्युरेटरचे पेटंट घेतले. त्यांचे घराणे पादत्राणांच्या व्यापारातले, आणि सुरुवातीच्या एसयूंमध्ये चामड्याचा भाता असे. पुढे भात्याची जागा घुमटाच्या आत वर-खाली होणाऱ्या पिस्टनने घेतली. इंजिन जितकी अधिक हवा ओढते तितका पिस्टन वर उचलला जातो. त्याच्या तळाला असलेली निमुळती सुई जेटमधून, म्हणजे पेट्रोल येणाऱ्या बारीक छिद्रातून, तितकीच वर येते, सुई आणि जेट यांमधली फट वाढते आणि पेट्रोल हवेच्या प्रमाणात अधिक मिळते. इतर कार्ब्युरेटरांत असतात तशा अनेक जेटांची आणि अ‍ॅक्सिलरेटर पंपाची येथे गरजच पडत नाही. १९२६ मध्ये ही कंपनी विल्यम मॉरिस यांनी विकत घेतली. मॉरिस गॅरेजेस, म्हणजे एमजी, ही त्यांचीच असल्यामुळे एमजी आणि एसयू यांची जोडी पुढे अनेक दशके टिकली.

एसयूचे हक्क आज बर्लेनकडे आहेत. त्यांच्याकडे दोन प्रकारची किटे मिळतात. सर्व्हिस किटमध्ये मुख्यतः गॅस्केट, सील आणि फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) सुईझडप यांसारखे वरचेवर बदलण्याचे भाग येतात. रीबिल्ड किटमध्ये यांखेरीज जेट, सुई, थ्रॉटलचा (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा) स्पिंडल म्हणजे दांडा, थ्रॉटलची चकती आणि तिचे स्क्रू असे खरोखर झिजणारे भाग असतात. ज्या गाडीचा पूर्वेतिहास ठाऊक नाही, तिच्यासाठी दुसऱ्या प्रकाराचाच विचार करावा.

किट उघडल्यावर मी पहिल्यांदा सुई पाहिली. सुईच्या मानेवर तिचा क्रमांक कोरलेला असतो, आणि १८जीबी इंजिनासाठी प्रमाणित सुई ५ क्रमांकाची आहे. दोन्ही सुयांवरचा ५ भिंगाशिवाय वाचता येत होता. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण माझ्या गाडीतून निघालेल्या जुन्या सुयांवर क्रमांकच नव्हता. आधीच्या मालकाने त्या कुठल्याशा स्वस्त विक्रेत्याकडून घेतलेल्या होत्या, आणि मायक्रोमीटरने मोजल्यावर दोन्हींचा निमुळतेपणा एकमेकींशी जुळत नव्हता. दोन कार्ब्युरेटर दोन वेगळ्या प्रमाणांत पेट्रोल देत असतील, तर जगातला कोणताही मेकॅनिक त्यांचा मेळ घालू शकणार नाही. नव्या सुयांची मापे मात्र एकमेकींशी तंतोतंत जुळली, आणि माझ्या लेखी किटचे निम्मे मोल येथेच वसूल झाले. जेटच्या बाबतीतही तीच काळजी दिसली. पुढच्या आणि मागच्या कार्ब्युरेटरच्या जेटला जोडलेल्या नायलॉनच्या नळ्यांची लांबी वेगळी असते, आणि येथे दोन्ही नळ्या आपापल्या मापाच्या होत्या.

आता स्पिंडलविषयी, कारण खरी मेख येथे आहे. थ्रॉटलचा पितळी स्पिंडल अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीतल्या भोकात फिरतो. पन्नास-साठ वर्षांत स्पिंडल झिजतो आणि त्याच्यासोबत भोकही लंबगोल होते. त्या फटीतून हिशेबाबाहेरची हवा आत जाते, आणि थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असताना, म्हणजे नेमके आयडलिंगला, तिचा परिणाम सर्वाधिक जाणवतो. परीक्षा अगदी सोपी आहे. स्पिंडलचे टोक चिमटीत धरून वर-खाली हलवून पाहावे. जुना स्पिंडल काढून नवा सरकवल्यावर हीच परीक्षा पुन्हा करावी. नवा स्पिंडल घट्ट पण सहज फिरला, तर बॉडी शाबूत आहे. नवाही डगमगत असेल, तर भोक रीमरने मोठे करून त्यात बुश, म्हणजे धातूची बारीक नळी, बसवणे किंवा जादा व्यासाचा स्पिंडल वापरणे हाच उपाय आहे. ते काम दोन्ही टोकांची भोके एका रेषेत ठेवून करावे लागत असल्यामुळे योग्य यंत्रसामग्री असलेल्या माणसाकडेच द्यावे. माझा पुढचा कार्ब्युरेटर या परीक्षेत उतरला, मागचा उतरला नाही. त्याची बॉडी बुश बसवण्यासाठी बाहेर पाठवावी लागली आणि मगच त्यात नवा स्पिंडल गेला. प्रमाणित मापाच्या भागांचे कोणतेही किट झिजलेले भोक भरून काढू शकत नाही, ही मर्यादा खरेदीपूर्वीच लक्षात असावी.

चकतीचे दोन स्क्रू हा या कामातला सर्वांत धोक्याचा तपशील आहे. त्यांची टोके मधोमध चिरलेली असतात. चकती घशात बरोबर मध्यावर बसली आहे, थ्रॉटल मिटल्यावर कडेने कुठेही उजेड दिसत नाही, याची खात्री झाल्यावर स्क्रू आवळून ती चिरलेली टोके फाकवायची असतात. हे राहून गेले आणि स्क्रू सैल झाला, तर तो थेट इनलेट व्हॉल्व्हकडे आणि तेथून सिलिंडरमध्ये जातो. फाकवलेले जुने स्क्रू पुन्हा वापरू नयेत. ते किटमध्ये नवेच दिलेले आहेत, हे योग्यच आहे.

या काळातल्या एमजीबीला स्थिर सुई असते, त्यामुळे जेट मध्यावर आणणे हे हाताने करायचे काम आहे. पुढच्या वर्षांत आलेल्या, स्प्रिंगने एका बाजूला कललेल्या सुयांना याची गरज पडत नाही. जेटचा लॉकनट सैल ठेवावा, जेट पार वर सरकवावा, पिस्टन हलकेच खाली दाबून नट आवळावा आणि मग पिस्टन उचलून सोडावा. घशातल्या पुलावर, म्हणजे जेटभोवतीच्या उंचवट्यावर, तो ‘टक्’ असा स्पष्ट, धातूचा आवाज करून पडला की काम झाले. आवाज बोथट आला, तर सुई जेटला कुठेतरी घासते आहे आणि सगळे पुन्हा करणे आले. घुमट आणि पिस्टन ही कारखान्यात जुळवलेली जोडी असते. ते दोन कार्ब्युरेटरांमध्ये अदलाबदल करू नयेत, आणि पॉलिश पेपरने तर मुळीच घासू नयेत. पेट्रोलने ओल्या केलेल्या मऊ फडक्याने पुसणे पुरेसे आहे.

यानंतर ट्यूनिंग. येथे एक पथ्य कटाक्षाने पाळावे: इग्निशन आणि टॅपेट आधी, कार्ब्युरेटर शेवटी. ल्यूकस डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटमधली फट ०.०१५ इंच, थंड इंजिनाच्या टॅपेटमधली फटही ०.०१५ इंच, टायमिंग बरोबर आणि प्लग स्वच्छ, एवढे झाल्याशिवाय मिश्रणाला हात लावणे व्यर्थ आहे. मग दोन्ही जेट पुलाच्या पातळीपासून दोन पूर्ण फेरे, म्हणजे षट्कोनी नटाच्या १२ बाजू, खाली आणून इंजिन सुरू करावे आणि चांगले गरम होऊ द्यावे. दोन्ही घशांतून सारखी हवा जाते आहे का, हे पाहण्यासाठी छोटे हवामापक मिळते. रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दोन्हीकडचा फूत्कार ऐकण्याची जुनी रीतही तितकीच खात्रीची आहे. मिश्रणासाठी बॉडीखालच्या पिनने पिस्टन अगदी किंचित, सुमारे १/३२ इंच, उचलावा. इंजिनाचा वेग क्षणभर वाढून पूर्ववत झाला तर मिश्रण योग्य, वाढून तसाच राहिला तर रिच (पेट्रोल जास्त) आणि इंजिन बसू लागले तर लीन (पेट्रोल कमी). पिस्टनची हालचाल संथ करणाऱ्या डॅम्परमध्ये एसएई २० चे तेल पिस्टनच्या पोकळ दांड्याच्या तोंडाच्या अर्धा इंच वर येईल इतके भरावे.

गाडीतला फरक पहिल्याच फेरीत जाणवला. आयडलिंग मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आसपास स्थिर राहते, चोक पूर्वीपेक्षा बराच लवकर आत ढकलता येतो आणि तिसऱ्या गिअरमध्ये कमी वेगावरून अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर मधली ती अडखळ आता येत नाही. काही आठवड्यांनी प्लग काढून पाहिले तेव्हा चारही फिकट तपकिरी निघाले. आधी मागचे दोन काजळीने काळे असत.

पेट्रोलचा विषय येथे टाळता येत नाही. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधे पेट्रोल ई१० झाले, म्हणजे त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबराला आणि फ्लोटला ते मानवत नाही, आणि ते ओलावाही धरून ठेवते. म्हणून जुन्या गाडीत सुपर प्रतीचे ई५ पेट्रोलच घालावे. किटसोबत बर्लेनचे ‘स्टेअप’ फ्लोटही घ्यावेत अशी माझी आग्रहाची सूचना आहे. ते इथेनॉलला दाद न देणाऱ्या सामग्रीचे असून आतून पोकळ नाहीत, त्यामुळे भोक पडून पेट्रोल भरण्याचा आणि फ्लोट बुडण्याचा प्रश्नच उरत नाही. एक्झॉस्टच्या अगदी वर बसलेल्या कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ओसंडणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. त्यामुळे हा खर्च ऐच्छिक समजू नये.

महाराष्ट्रातल्या वाचकांनाही याचा उपयोग आहे. अ‍ॅम्बॅसडरचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन हे एमजीबीच्या इंजिनाचेच भावंड, दोन्ही बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी-सिरीज घराण्यातली. आणि त्या गाडीवरचा एकेरी एसयू हाताळलेले वस्ताद मेकॅनिक आपल्याकडे अजून आहेत. जेट मध्यावर आणण्याची क्रिया त्यांना शिकवावी लागत नाही. भारतात आता ई२० पेट्रोल सर्वत्र आल्यामुळे सील, फ्लोट आणि इंधनाच्या रबरी नळ्या बदलण्याची निकड तेथे ब्रिटनपेक्षाही जास्त आहे.

किंमत स्वस्त म्हणता येणार नाही. दोन कार्ब्युरेटरांना दोन किटे लागतात, त्यावर फ्लोट आणि माझ्यासारखे बुशचे काम निघाले तर तोही खर्च. तरीही कोऱ्या जोडीच्या किमतीशी तुलना करता तो बराच कमी आहे, आणि गाडीवरची मूळची जोडी गाडीवरच राहते, याचे मला मोल वाटते. ज्यांच्या दोन्ही बॉडी झिजल्या आहेत आणि ज्यांना स्वतः हात काळे करायचे नाहीत, त्यांनी जोडी संपूर्ण पुनर्बांधणीसाठी तज्ज्ञ कार्यशाळेकडे द्यावी.

मागणी नोंदवण्यापूर्वी फ्लोट चेंबरच्या झाकणाच्या स्क्रूखाली पाहावे. तेथे एक लहान धातूची चकती असते आणि तिच्यावर ‘एयूडी’ या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक कोरलेला असतो. सुई, जेट आणि स्प्रिंग यांची निवड त्याच क्रमांकावरून ठरते. ती चकती हरवली असेल, तर गाडीच्या कागदपत्रांतल्या वर्षावर न जाता ब्लॉकवरचा इंजिन क्रमांक विक्रेत्याला कळवावा, कारण इतक्या वर्षांत कित्येक एमजीबींची इंजिने बदलली गेली आहेत.