पोलिसांच्या लिलावातली सायकल: माल जेमतेम, पावती सोन्याची

आमची खाणावळ सोलापुरात, अशोक चौकाकडे. डबे पोचवायला पोरांना सायकलच लागते. पूर्व भागातल्या बोळांत मोटारसायकल अडते आणि पेट्रोलचा खर्च डब्याच्या दरात बसत नाही. म्हणून यंदा बेवारस सायकलींच्या लिलावाला गेले.

पद्धत साधी आहे. पोलीस जाहीर नोटीस काढतात, हक्क सांगायला सहा महिने देतात, कोणी आलं नाही तर लिलाव. अनामत भरा, आधारची झेरॉक्स द्या, बोली लावा. मुद्देमाल कारकुनानं विचारलं तेवढं नीट सांगितलं. सावली मात्र कुठंच नाही. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात पत्र्याशेजारी उभं राहायची तयारी ठेवा.

खरी अडचण म्हणजे माल एकगठ्ठा विकतात. भंगारवाले आधीच ठरवून आलेले. एकजण बोली लावतो, बाकीचे बिडी ओढत गंमत बघतात आणि वाटणी गेटाबाहेर. मलाही एकानं सांगितलं, "मावशी, कशाला त्रास घेता? बाहेर या, दोन काढून देतो की." त्यात अर्थ नव्हता, कारण पावती त्याच्या नावाची.

पावतीसाठीच तर इथं यायचं. सायकलीला आरसी बुक नसतं. ओळखीतून स्वस्तात घेतलेली सायकल उद्या कुणी "ही माझी" म्हणून धरली, तर सायकल जाते आणि वर चौकीच्या फेऱ्या आपल्याला. म्हणून फ्रेमवरचा नंबर घासून वाचा आणि पावतीवर लिहून घ्या. कारकून कुरकुरला तरी हलू नका.

आमच्या चौकातला सायकल मिस्त्री आणि मी मिळून पाच सायकलींचा लहान गठ्ठा घेतला. सायकलीमागे साडेसहाशे पडले. टायर उन्हानं चिरलेले, ते हिशेबातच धरायचे नाहीत. मिस्त्रीनं आधी रॉकेलचा बोळा घेऊन हँडलखालचा जोड पुसला. एका अ‍ॅटलास कंपनीच्या सायकलीला तिथं रंगाखाली केसाएवढी चीर निघाली. "ताई, ही भार घेणार नाही," म्हणाला. वीस डब्यांचं ओझं करिअरवर असताना तो जोड तुटला असता तर पोराचे दात गेले असते. दुसरीचं हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, उघडलं तर ग्रीस वाळून काकवीसारखं चिकट, छर्रे निम्मे गायब. पायडलचा दांडा धरून ठेवणारी कॉटर पिन गंजून बसलेली, ठोकून ठोकून वाकली पण निघेना.

तीन धावत्या झाल्या, उरलेल्या दोन मिस्त्रीनं सुट्या भागांसाठी ठेवल्या. टायर-ट्यूब, चेन, ब्रेक रबर, ओव्हरऑइलिंग (सगळं उघडून साफसफाई आणि ग्रीस) धरून सायकलीमागे आणखी अठराशे गेले. तरी नवीच्या निम्म्यात काम झालं. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना 2020 साली बंद पडला, पण त्यानं अडत नाही. साध्या 28 इंची सायकलीला कुठल्याही कंपनीचं सामान बसतं. गिअरवाल्या सायकलींच्या नादी लागू नका. पावसात पडून त्यांचं मागचं गिअर गंजतं आणि दुरुस्तीत बचत संपते.

घरात एकाच पोराला शाळेसाठी सायकल हवी असेल तर दुकानातून घ्या. गठ्ठा घ्यायला मिस्त्री सोबत हवा, नाहीतर दोन-तीन घरं मिळून जा. आणि टेम्पो आधीच ठरवा. माल लगेच उचला म्हणतात, आणि लिलाव सुटला की गेटावरचा टेम्पोवाला दुप्पट भाडं मागतो.