इलेक्ट्रॉन की टाउरी? आधी गल्ल्यावरचा काँप्युटर बघा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गल्ल्यावर बसलेल्या माणसाला तुमचं ॲप किती एमबीचं आहे याच्याशी देणंघेणं नसतं. रांग खोळंबू नये आणि पावती झटकन निघावी, एवढंच त्याला हवं असतं. तिथल्या एका किराणा दुकानासाठी मी बिलिंगचं ॲप केलं, तेव्हापासून जावास्क्रिप्ट येणारी मुलं मला एकच प्रश्न विचारतात: इलेक्ट्रॉन घेऊ की टाउरी? वेबपानाच्या तंत्राने काँप्युटरवरचं ॲप बनवायची ही दोन साधनं.

इलेक्ट्रॉन २०१३ मध्ये गिटहब कंपनीने ॲटम या कोड लिहायच्या एडिटरसाठी सुरू केलं. ते प्रत्येक ॲपसोबत अख्खं क्रोमियम (क्रोम ब्राउझरचा गाभा) आणि नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) बांधून देतं. व्हीएस कोड हा एडिटरही त्याच्यावरच चालतो. टाउरीची पहिली पक्की आवृत्ती २०२२ ची. ते ब्राउझर सोबत नेत नाही, मशीनवर आहे तोच वापरतं: विंडोजवर वेबव्ह्यू२, मॅकवर आणि लिनक्सवर वेबकिट. मागची बाजू रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत असते.

म्हणून टाउरीचा इन्स्टॉलर काही एमबीत आटोपतो आणि इलेक्ट्रॉनचा सहज ऐंशी-शंभरच्या घरात जातो. पावसात वाळपईकडे नेट रडतखडत चालतं, तेव्हा हा फरक खरोखर जाणवतो. पण वेबव्ह्यू२ नसलेल्या, नेटही नसलेल्या विंडोज मशीनवर ॲप टाकायचं असेल, तर त्याचा ऑफलाइन इन्स्टॉलर सोबत द्यावा लागतो. त्याने साधारण १२७ एमबी वाढतात, म्हणजे सगळी बचत गेली. मेमरीचंही तसंच. वेबव्ह्यू२ हेही मुळात क्रोमियमच, त्यामुळे विंडोजवर टाउरी घेतलं की रॅम मोकळी होईल, अशी मोठी आशा ठेवू नका.

म्हापशाच्या त्या दुकानाचा निर्णय प्रिंटरने केला. इलेक्ट्रॉनमध्ये कुठलीही खिडकी न उघडता, प्रिंटरचं नाव देऊन गुपचूप छपाई करता येते. टाउरीत ती सोय मुळात नाही. एक तर प्रत्येक गिऱ्हाइकामागे प्रिंटची खिडकी उघडायची, नाहीतर प्रिंटरशी बोलणारा भाग स्वतः लिहायचा. दुकानदाराला पावती मराठीत हवी होती, आणि स्वस्तातल्या बऱ्याच थर्मल प्रिंटरांत देवनागरी अक्षरं नसतात. थेट मजकूर पाठवला की ‘खोबऱ्याचं तेल’च्या जागी कागदावर नुसती चिन्हं उमटतात. मग ओळ चित्र करून पाठवायची. इलेक्ट्रॉनमधून पान विंडोजच्या ड्रायव्हरमार्फत गेलं आणि ‘खोबऱ्याचं’मधला ऱ्या नीट उमटला. दुकानदाराने ती पावती उजेडात धरून वाचली. त्या दिवशी माझा प्रश्न सुटला.

आणखी एक. इलेक्ट्रॉनमध्ये पान सगळीकडे सारखंच दिसतं, कारण क्रोमियम तुमचंच असतं. टाउरीत विंडोजवर जमलेली मांडणी लिनक्सवर हलू शकते, म्हणून प्रत्येक प्रणालीवर तपासणं आलं आणि देवनागरी फाँट ॲपसोबत देणं आलं. मात्र क्रोमियम तुमचं म्हणजे त्याच्या सुरक्षेची जबाबदारीही तुमचीच. इलेक्ट्रॉनची नवी मोठी आवृत्ती साधारण दर आठ आठवड्यांनी येते आणि फक्त शेवटच्या तिनांना आधार मिळतो. ॲप देऊन वर्षभर तिकडे फिरकायचं नाही, असं चालत नाही.

रस्टची फार धास्ती घेऊ नका. फाइल, डेटाबेस, सूचना ही कामं तयार प्लगिनांवर भागतात.

चुलतभावाच्या होमस्टेच्या बुकिंगसाठी मी टाउरीच घेतलं. तिथे छपाई नव्हती, आणि त्याला तेच फोनवरही हवं होतं. २०२४ मध्ये आलेल्या टाउरी २ मध्ये अँड्रॉइड आणि आयओएस आहेत. इलेक्ट्रॉनमध्ये फोन नाहीच.

तुमचं अजून ठरत नसेल तर एक संध्याकाळ काढा. दोन्हींत एकच पान करा, मराठी नावं असलेली पावती. ते पेन ड्राइव्हवर घेऊन दुकानात जा आणि तिथल्याच काँप्युटरवर, तिथल्याच प्रिंटरवर छापून बघा.