लघवी सुटते: व्यायाम, गोळी, पॅड की ऑपरेशन?

लघवी सुटते हे घरात एकदा बोललं गेलं की सल्ले आपोआप येतात. मेडिकलवाला गोळी सुचवतो, जाऊबाई पॅड सांगतात, मोबाइलवर कुणी व्यायाम दाखवतं. आणि एखादी तरी म्हणतेच, ‘पिशवी काढून टाक, सुटशील एकदाची.’ हा शेवटचा सल्ला तुलनेत घ्यायचाच नाही. लघवीवरचा ताबा गर्भाशयाकडे नसतो; ते काढल्याने गळणं थांबत नाही, काहींना तर पुढे ते वाढतं. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या अशा ऑपरेशनांची चौकशी करायला २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली होती, तेव्हा आपल्या भागात हा सल्ला सहज हसून सोडण्यासारखा नाही. अंग बाहेर येत असेल तर गोष्ट वेगळी. त्याचा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासूनच व्हावा.

व्यायाम, गोळी, पॅड आणि लघवीच्या वाटेवरचं ऑपरेशन या उरलेल्या चारांत निवड करायची तर आधी एवढंच बघायचं की लघवी सुटते कधी. खोकताना, शिंकताना, हसताना, पाण्याची घागर उचलताना थेंब सुटत असतील तर मूत्राशय सहसा ठीक असतं. त्याला खालून आधार देणारे, लघवीची वाट आवळून धरणारे स्नायू सैल पडलेले असतात. बाळंतपणं, वाढलेलं वजन, जुना खोकला, कायमची बद्धकोष्ठता, पाळी जाणं ही त्याची नेहमीची कारणं. दुसऱ्या प्रकारात नळ सोडल्याचा आवाज आला किंवा दाराचं कुलूप उघडायला घेतलं की एकदम कळ येते आणि मोरीपर्यंत पोचायच्या आतच कपडे ओले होतात. इथे मूत्राशय पुरतं भरण्याआधीच आकसतं. पहिल्यावर दुसऱ्याची गोळी घेतली तर पैसे जातात, तोंड कोरडं पडतं आणि थेंब सुटतच राहतात. दोन्ही त्रास एकत्र असणारेही पुष्कळ असतात. त्यांनी जो जास्त छळतो त्याच्यापासून सुरुवात करावी.

ओळखायचा स्वस्त उपाय म्हणजे वही. तीन दिवस किती प्यालो, किती वाजता लघवीला गेलो, मापाच्या मगात किती भरली आणि कधी सुटली ते लिहायचं. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिली मावते. दर वेळी शंभरेक मिलीच जात असेल आणि फेऱ्या पंधरा होत असतील, तर मूत्राशयाला अर्ध्यात उठायची सवय लागली आहे किंवा त्याला काहीतरी टोचतं आहे. दर वेळी भरपूर होते आणि दिवसभराची बेरीज तीन लिटरच्या वर जाते, तर आधी साखर तपासा. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या, उदाहरणार्थ डॅपाग्लिफ्लोझिन, साखर लघवीवाटेच बाहेर काढतात, त्यामुळेही फेऱ्या वाढतात. ती आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारा. लघवीची साधी तपासणी तर सगळ्यांनीच करावी, कारण जंतुसंसर्गातही हेच सगळं होतं. धने-जिऱ्याचं पाणी पिऊन उन्हाळी उतरली असं वाटलं तरी तपासणी टाळू नये.

पाणी तोडणं हा आपल्याकडचा सर्रास उपाय, आणि सगळ्यांत वाईट. शेतात आडोसा नाही, बसस्टँडवरच्या संडासात पाय ठेववत नाही, म्हणून बाया सकाळपासून घोटभरावर राहतात, तेही मे महिन्याच्या उन्हात. घट्ट पिवळी लघवी मूत्राशयाला आणखी टोचते, संसर्ग आणि मुतखड्याचा धोका वाढतो. तोडायचाच तर चहा तोडा. अर्धा-अर्धा कप म्हणत दिवसातून आठदा होणारा चहा कळ वाढवतो. रात्री उठावं लागत असेल तर पाणी दिवसा पुरेसं प्या, झोपण्याआधीच्या दोन-तीन तासांत कमी. पुण्या-मुंबईला जायचं असेल तर ट्रॅव्हल्सपेक्षा रेल्वे बरी, डब्यात संडास तरी असतो.

आता व्यायाम की गोळी. थेंब सुटण्याच्या प्रकारात माझं मत सरळ व्यायामाच्या बाजूने आहे. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी तो १९४८ मध्ये मांडला. वारा अडवताना आपण जे आत-वर ओढतो तेच स्नायू आवळायचे, काही सेकंद धरायचे, तेवढाच वेळ सोडायचे. एका वेळी आठ, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. मांड्या, ढुंगण, पोट आवळलं किंवा श्वास रोखला तर काम चुकीच्या जागी होतं. लघवी करताना मध्येच धार तोडून रोज सराव करू नका. खोकला येणार असं वाटताच आधी आवळायचं, ही एक सवयसुद्धा बराच फरक पाडते. पैसा लागत नाही, दुष्परिणाम नाहीत. उणीव एकच, पंधरा दिवसांत काही दिसत नाही आणि लोक तिथेच सोडतात. शक्य असेल तर फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या.

अचानक कळ येणाऱ्यांसाठी हेच आवळणं ब्रेकसारखं वापरायचं. कळ आली की धावायचं नाही. थांबून किंवा बसून पटापट पाच-सहा वेळा आवळायचं, कळ ओसरली की शांतपणे जायचं. दोन फेऱ्यांमधलं अंतर दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवायचं. याला दीड-दोन महिने द्यावे लागतात. तेवढ्याने भागलं नाही तर गोळी, आणि ती इथे खरंच उपयोगी पडते. सोलिफेनासिन, टोल्टेरोडिन, ऑक्सिब्युटिनिन या जुन्या गटाने तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, आणि म्हाताऱ्या माणसांत विसरभोळेपणा किंवा गोंधळ वाढू शकतो. काचबिंदू असेल किंवा लघवी तुंबत असेल तर हे डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. मिराबेग्रॉनने तोंड फारसं कोरडं पडत नाही, पण रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं. कोणतीही घेतली तरी महिनाभर झाल्याशिवाय ‘लागू पडत नाही’ म्हणू नये. सत्तरीच्या आईसाठी मी मिराबेग्रॉनबद्दल आधी विचारेन.

पॅडने आजार बरा होत नाही, पण लग्नाला, तुळजापूरच्या रांगेला जाता येतं, हे काही थोडं नाही. पाळीचे पॅड मात्र या कामाचे नाहीत. लघवी एकदम येते आणि ते तेवढी पटकन शोषत नाहीत. लघवीसाठीचेच घ्या आणि वेळेवर बदला, नाहीतर जांघा सोलवटतात.

ऑपरेशन शेवटी. थेंब सुटण्यात व्यायाम मनापासून करूनही फरक नसेल तर मूत्रमार्गाखाली पट्टी बसवण्यासारख्या शस्त्रक्रिया आहेत, चांगला उपयोगही होतो. कृत्रिम जाळीच्या पट्टीचे त्रास नीट समजून घेऊनच होकार द्या. अचानक कळ येण्याच्या प्रकारात या पट्टीचा उपयोग नाही.

पुरुषांचं गणित वेगळं. पन्नाशीनंतर धार बारीक, जोर लावावा लागतो, झाल्यावरही थेंब गळतात, असं असेल तर प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, बघायची. मूत्राशय रिकामं न होता वरून सांडत असेल तर कळ थांबवणारी गोळी घेऊन लघवी पूर्ण तुंबू शकते. म्हणून आधी सोनोग्राफीत लघवी करून झाल्यावर किती उरते ते मोजून घ्या. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन ही गोळी दिली तर उठताना भोवळ येऊ शकते, रात्री अंधारात एकदम उभं राहू नका.

बायकांनी आधी स्त्रीरोगतज्ज्ञ, पुरुषांनी सर्जन किंवा मूत्ररोगतज्ज्ञ गाठावा. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत सुरुवातीची तपासणी होते. जाताना वही आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. लघवीतून रक्त आलं, थंडी वाजून ताप भरला, लघवी पूर्ण अडली, किंवा जांघेत बधिरपणा येऊन पायातलं बळ गेलं, तर व्यायाम-गोळीचा विचार करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.