डीएनए मॉडेल किट: जोड्या अचूक, वळण उलटं

बारावीला बायोलॉजी शिकवणाऱ्यांनी हा किट जरूर घ्यावा, पण आतलं माहितीपत्रक पोरांच्या हाती पडू देऊ नये. मी ऑनलाइन मागवला, साडेआठशे रुपयांना. साखरेचे पंचकोनी तुकडे पांढरे, फॉस्फेट लाल, चार बेस (शिडीच्या पायऱ्या बनवणारे ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन, सायटोसिन) चार रंगांत. प्लास्टिक दणकट आहे. फॉस्फेटच्या खुंट्या मात्र इतक्या घट्ट बसतात की सोडवताना पोरं दात लावतात.

आधी कौतुक. ॲडेनिन-थायमिनला दोन खुंट्या (म्हणजे हायड्रोजन बंध) नि ग्वानिन-सायटोसिनला तीन, एवढं बहुतेक किटमध्ये असतं. इथे दोन्ही जोड्या पट्टीने मोजल्या तर लांबीही सारखीच भरते, आणि सगळी गंमत तिथेच आहे. क्रिकच्या जोडीने डीएनएची रचना शोधणारा वॉटसन केंब्रिजमध्ये आधी सारख्याला सारखा बेस जोडत बसला होता. त्याच्याच खोलीत बसणाऱ्या जेरी डोनह्यूने सांगितलं, की पुस्तकांतले ग्वानिन-थायमिनचे आकार चुकीचे आहेत, हायड्रोजन भलत्या जागी दाखवलाय. तिथल्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेच्या वर्कशॉपमधून धातूचे तुकडे काही येईनात, म्हणून वॉटसनने पुठ्ठ्याचे कापले. २८ फेब्रुवारी १९५३ च्या सकाळी ते टेबलावर सरकवताना त्याला दिसलं, की या दोन जोड्या एकाच मापाच्या होतात. ॲडेनिन थायमिनइतकं आणि ग्वानिन सायटोसिनइतकं का भरतं, हे रसायनशास्त्रज्ञ चारगाफच्या मोजणीतलं कोडंही त्याबरोबर सुटलं. वर्गात मी यातलं काही आधी सांगत नाही. तुकडे देते आणि म्हणते, ॲडेनिनसमोर ग्वानिन ठेवून बघा. शिडी तिथे फुगते, पुढची पायरी बसत नाही. मग पोरं स्वतःच भांडायला लागतात.

दुसरी जमेची बाजू म्हणजे साखरेच्या तुकड्याला एका टोकाला खुंटी नि दुसऱ्या टोकाला भोक आहे. त्यामुळे एक साखळी वर जाते, तर समोरची आपोआप खाली येते. उलटसुलट जोडायची सोयच ठेवलेली नाही. फॉस्फेटही बाहेरच्या बाजूलाच बसतो. (१९५१ साली वॉटसन-क्रिकनी तीन साखळ्यांचं मॉडेल केलं होतं आणि फॉस्फेट आत कोंबले होते. लंडनहून आलेल्या रोझलिंड फ्रँकलिनने ते बघताच निकालात काढलं.)

आता माहितीपत्रक. त्यात लिहिलंय, ‘वॉटसन व क्रिक यांनी १९५३ मध्ये शोध लावला.’ बस्स. शेजारी क्ष-किरणांचा तो फुलीसारखा फोटो, नुसता शोभेला, खाली कुणाचंच नाव नाही. तो फोटो क्रमांक ५१, लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये फ्रँकलिन आणि तिचा विद्यार्थी रेमंड गॉसलिंग यांनी मे १९५२ मध्ये घेतलेला. तिथलाच तिचा सहकारी विल्किन्स, त्याने तो जानेवारी १९५३ मध्ये वॉटसनला दाखवला, तिला न विचारता. फोटोबद्दल निदान बोललं तरी जातं. तिची मोजमापं असलेला एक अहवाल केंब्रिजच्याच मॅक्स पेरुट्झकडून क्रिकच्या हाती आला, त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. त्यातल्या स्फटिकाच्या सममितीवरूनच क्रिकने ओळखलं, की दोन साखळ्या विरुद्ध दिशांना धावतात. म्हणजे ज्या खुंटी-भोकासाठी मी वर किटची पाठ थोपटली, त्याचं श्रेय बाईंच्या मोजमापाकडे जातं, आणि पत्रकात बाईच नाहीत! मी पत्रक काढून कपाटात टाकलंय.

खोक्यावरचं चित्रही बघून घ्या. त्यातली शिडी डावीकडे वळलेली आहे. खऱ्या डीएनएत समोरून दिसणारी साखळी खालून डावीकडून वर उजवीकडे चढते. एखादा हुशार पोरगा म्हणेल, मॅडम, झेड-डीएनए डावाच असतो. असतो, पण तो नागमोडी आणि वेगळ्या मापाचा. हे चित्र तसं नाही. तुकड्यांना वळणाचा अडसर दिलेला नाही, त्यामुळे चित्र बघून जोडलं की मॉडेल हमखास उलटं होतं. शिवाय दोन्ही बेस अगदी समोरासमोर जोडल्यामुळे दोन साखळ्यांमधल्या, पिळाबरोबर फिरणाऱ्या दोन्ही खाचा सारख्याच रुंद होतात. प्रत्यक्षात एक रुंद, एक अरुंद असते, आणि प्रथिनं बरंचसं वाचन रुंद खाचेतून करतात. हा दोष घरी दुरुस्त होण्यासारखा नाही.

मापाचंही बघा. जोडलेल्या शिडीची रुंदी ८ सेंमी भरते. डीएनएची रुंदी २० अँगस्ट्रॉम (अणूंच्या मापाचं एकक) आणि एक वेढा ३४ अँगस्ट्रॉम उंच, या हिशोबाने वेढा साडेतेरा सेंमीच्या आसपास हवा. पत्रक सांगतं, २४ सेंमीला पूर्ण पीळ द्या. देऊ नका. दहा जोड्यांत एक वेढा बसवा, मॉडेल बरंच खऱ्यासारखं दिसतं.

घ्यायचाच असेल तर दोन खोकी एकदम घ्या. एकात बाराच जोड्या येतात, त्यात जेमतेम सव्वा वेढा होतो, आणि तेवढ्यावरून मागच्या बाकाला काही दिसत नाही. पाचपैकी साडेतीन.