तीस हजारांचं इंजिन आणि अण्णांची फियाट

अण्णांच्या फियाटला बसवायचं जुनं इंजिन विकत घ्यायला मी पोचलो तेव्हा ते आधीच गरम होतं. वरच्या झाकणावर हात ठेवला आणि लगेच उचलला, इतकं. ‘काका, मघाशीच दुसरं गिऱ्हाईक बघून गेलं, म्हणून तापलंय,’ इंजिन विकणारा म्हणाला आणि मला उलट बरंच वाटलं. मागणी आहे म्हणजे माल चांगला असणार! जुनं इंजिन कसं आहे ते सकाळी थंड असताना पहिल्या सेल्फला कळतं, हे मला अण्णांनी, माझ्या वडिलांनी, कॉलेजच्या वयात शिकवलंय. चोक ओढायचा, सेल्फ मारायचा आणि पहिला अर्धा मिनिट तोंड बंद ठेवून ऐकायचं. त्या दिवशी मुंबईच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मी हे सगळं विसरलो, कारण मला विसरायचं होतं. घरचं इंजिन दुरुस्त करण्यापेक्षा अडतीस हजार वाचत होते.

गाडी १९६९ची फियाट ११०० डिलाइट. लोक सरसकट पद्मिनी म्हणतात, पण पद्मिनी हे नाव १९७४चं. आणि डुक्कर फियाट म्हणतात ती हिच्या आधीची, गोल पाठीची. आमचे अण्णा शाळामास्तर. त्यांनी ही १९८१ साली एका डॉक्टरांकडून सेकंडहँड घेतली. १०८९ सीसीचं इंजिन, हँडलखालचा गिअर, पुढे सलग सीट. आम्ही चार भावंडं तिच्यातून लग्नांना गेलो, बारशांना गेलो, शेवटी अण्णांनाही तिच्यातूनच दवाखान्यात नेलं.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत ती धूर मारायला लागली. हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल खायला लागली. मी कोल्हापूरचा, लेथ-वर्कशॉपांचं उद्यमनगर घरापासून दहा मिनिटांवर. तिथल्या आमच्या मेस्त्रींनी चारी प्लग काढून कंप्रेशनचं मीटर लावलं. बाकीचे तीन सिलिंडर शंभराच्या वर, तिसऱ्या नंबरचा मात्र सत्तर. तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा बघितलं तर आकडा वर चढला. म्हणजे व्हॉल्व्ह ठीक, पिस्टनच्या रिंगा आणि बोअर, म्हणजे पिस्टन फिरतो ते भोक, झिजलेत. रीबोअर (ते भोक कापून थोडं मोठं करणं), पिस्टन, रिंगा, क्रँक ग्राइंडिंग, बेअरिंग, गास्किट सेट असं सगळं धरून त्यांनी ६८ हजार सांगितले. शिवाय दीड महिना, कारण पिस्टन शोधावे लागणार होते.

दीड महिना माझ्याकडे नव्हता. आरसीची पाच वर्षांची मुदत जूनमध्ये संपत होती आणि नूतनीकरणाला गाडी चालत आरटीओत न्यायची होती. त्यात डोक्यात एक खूळ होतं. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना केंद्रानं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणी सुरू केली. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, फी वीस हजार. अशी गाडी मग रोज चालवता येत नाही, पण मला कुठं ती रोज चालवायची होती? ‘व्हीए’ची पाटी लावून अण्णांच्या वर्षश्राद्धाला दारात उभी करायची, एवढंच.

साडूंच्या ओळखीतून मुंबईतल्या या माणसाचा नंबर मिळाला. ज्या शहरात निम्म्या महाराष्ट्राची इंजिनं बोअर होतात तिथं राहून मी इंजिन आणायला मुंबईला गेलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

त्याचं बोलणं गोड होतं आणि अर्धं खरं होतं. तेच घातक. काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून गेली, हे मी पेपरात वाचलंच होतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मर्यादा संपली. ‘काका, टॅक्सी संपल्या, आता ही इंजिनं पुन्हा निघणार नाहीत. हे शेवटच्या लॉटातलं. फुल रीकंडिशन. तुमच्या गाडीला नट टू नट बसणार.’ बसणार हे खरं होतं. लॉट शेवटचा हेही बहुधा खरं होतं. पण वीस वर्षं टॅक्सीत राबलेलं इंजिन म्हणजे काय, हे गणित तिसरीतलं पोरगंही करेल. दिवसाला शंभर किलोमीटर आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तरी सहा लाख होतात. शिवाय मुंबईच्या टॅक्सी कित्येक वर्षं सीएनजीवर. या गॅसमध्ये व्हॉल्व्हच्या सीटला ओलावा मिळत नाही, जुन्या इंजिनाच्या सीटा त्यानं झिजून खाली बसतात. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी मी चकचकीत चंदेरी रंगाकडे बघत होतो.

इंजिन लोखंडी स्टँडवर होतं. बॅटरी जोडून त्यानं दोन मिनिटं चालवून दाखवलं. रेडिएटर नाही, होजपाइप नाही, आत पाण्याचा थेंब नाही. ‘जास्त चालवलं तर तापेल,’ म्हणून बंद केलं. आवाज मऊ, धूर नाही. मी खूश. पाणीच नसेल तर गळती कुठून दिसणार, हा प्रश्न मला आंबा घाटात सुचला. तोवर तीन आठवडे गेले होते.

भाव ४२ हजार. ‘तुमचं जुनं इंजिन द्या, त्याचे बारा हजार कापतो.’ म्हणजे तीस. नंतर मेस्त्रींनी विचारलं, ‘साहेब, बाद इंजिन भंगारात चार-पाच हजारांच्या वर जात नाही. हा बारा कशाला देतोय?’ तोपर्यंत आमचं इंजिन टेम्पोत चढलेलं होतं.

आता लाजेची गोष्ट. या अनुभवातली हीच सांगायला मला सगळ्यात जड जातेय. पैसे देता देता मी विचारलं, आरसीवर तर जुन्या इंजिनाचा नंबर आहे. तो हसला. ‘काका, टेन्शन नका घेऊ. तुमचा नंबर पंच करून देतो. आरटीओवाले पेन्सिलनं घासून बघतात, नंबर जुळला की झालं. सगळे असंच करतात.’ मी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही. आरसीचा फोटो मात्र मोबाइलवर पाठवला. मी गिऱ्हाईक होतो, त्या एका फोटोनं त्यानं मला भागीदार करून टाकलं, आणि त्यापुढं मी काहीही बोललो तरी त्याला घाबरायचं कारण उरलं नाही.

इंजिन कोल्हापुरात आलं. सोबत चिठ्ठी: ऑइल ५०० किलोमीटरपर्यंत बदलू नये. मेस्त्री म्हणाले, रीबोअर केलेल्या इंजिनात पहिलं ऑइल उलट लवकर बदलतात, धातूचा कीस निघतो. डिपस्टिकवरून ऑइल काकवीसारखं ओघळत होतं. ‘यात काय घातलंय ते काढून बघू या.’ मीच त्यांना थांबवलं, म्हटलं गॅरंटी जाईल. कसली गॅरंटी, ती तर तोंडी होती! गाडी चालू झाली, आवाज छान, आई अंगणात येऊन म्हणाली, ‘अण्णांच्या वेळेसारखा नाही वाटत रे.’ मी म्हटलं, नवीन आहे ना.

आईला पावसला स्वामींच्या मठात जायचं होतं. जाताना उतार, काही झालं नाही. येताना साखरप्याच्या पुढं आंबा घाटाची चढण लागली आणि तिसऱ्या वळणावर काटा लालात गेला. थांबलो, थंड होऊ दिलं, पाणी ओतलं. पुन्हा पाच मिनिटांत तेच. डिपस्टिक काढली तर ऑइल दुधाळ, टपरीवरच्या चहासारखं. एका जीपवाल्यानं टोचन करून घाटाच्या वर आणून सोडलं. एकोणऐंशी वर्षांची आई पुढच्या सीटवर पदरानं वारा घेत होती. एक शब्द बोलली नाही, ते जास्त लागलं.

उद्यमनगरात इंजिन उघडलं त्या दिवशी मी मुद्दाम शेवटपर्यंत उभा राहिलो. मेस्त्रींनी आधी ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य अंगाच्या, बाजूला पातळ पटाशीनं चंदेरी रंग खरवडला. रंगाखाली राखाडी लुकण निघालं आणि लुकणाखाली वॉटर जॅकेटला, म्हणजे पाणी खेळतं त्या पोकळीच्या भिंतीला, बोटभर लांबीची तड. दुसरी तड आत, दोन सिलिंडरांच्या मधे. पाणी ऑइलमध्ये जात होतं ते तिथून. बोअर मूळचा ६८ मिलिमीटर असतो. लेथवाल्यानं गेज लावलं, ६९च्या पुढं. म्हणजे रीबोअर करत करत शेवटची साइझ वापरून झालेली आणि तीही झिजलेली. ‘रीकंडिशन’च्या नावाखाली जुन्याच पिस्टनांवर नव्या रिंगा चढवलेल्या, तेवढंच. क्रँकवरच्या बिगएंडच्या बेअरिंगांचा वरचा थर झिजून तांबं दिसत होतं. इतका ढिला क्रँक ठोकणारच, म्हणून ते दाट ऑइल. आवाज आणि धूर दोन्ही त्यानं काही दिवस दबून राहतात. साधं २०-डब्ल्यू-४० भरलं असतं तर ऑइलचा दाब कमी झाल्याचा लाल दिवा पहिल्याच दिवशी लुकलुकला असता.

मग मेस्त्रींनी कापसाला पेट्रोल लावून नंबराची जागा पुसली आणि अंगठा फिरवला. भोवतालचं बीड खरखरीत, ओतकामाचं. नंबराची पट्टी तेवढी ग्राइंडरनं गुळगुळीत केलेली, एक आकडा तिरका. ‘साहेब, हे कारखान्यातलं पंचिंग नव्हं. हे घेऊन आरटीओत जाऊ नका.’ ते माझ्याकडे बघत नव्हते. फोटोचं मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही. आठ दिवसांनी सांगितलं.

फोनवर तो पहिल्यांदा नीट बोलला. दुसऱ्यांदा म्हणाला, तुम्ही घाटात तापवलंत, त्यात माझा काय दोष. तिसऱ्यांदा मी म्हटलं, पैसे राहू देत, माझं जुनं इंजिन परत दे. ‘ते भंगारात गेलं काका.’ मी पोलिसांचं नाव काढलं तेव्हा त्यानं आवाज अजिबात चढवला नाही. एवढंच म्हणाला, ‘नंबर कुणी मागितला होता? फोटो आहे माझ्याकडं.’

आमचं इंजिन भंगारात गेलं असं मला वाटत नाही. १९६९चं, मूळ ब्लॉकचं इंजिन बारा हजार देऊन भट्टीत कोण घालेल? कुणाकडे तरी डिलाइटची बॉडी आणि कागद असतील, इंजिन नसेल. मी स्वस्तात इंजिन घेतलं असं मला वाटत होतं, खरं तर मी माझं इंजिन फुकाच्या भावात विकलं होतं आणि वर तीस हजार मोजले होते.

वकील मित्राकडे गेलो आणि सगळं, फोटोसकट, सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे इंजिन बदललं की १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते आणि त्यासाठी इंजिन कुठून आलं त्याचं बिल लागतं, नंबरासकट. माझ्याकडचं बिल म्हणजे वहीच्या कागदावर ‘इंजिन १ नग’, जीएसटी नंबर नाही, शिक्का नाही. पैसे मोबाइलवरून ज्याच्या खात्यात गेले त्याचं नाव तिसरंच. बदललेल्या इंजिनाचा मूळ नंबर खोडलेला, म्हणजे ते चोरीच्या गाडीतलं असलं तरी मला कळायला मार्ग नाही. मित्र म्हणाला, पोलिसांत जायचं तर स्वतःचा भाग लपवून जायचं नाही. मी तसा अर्ज दिला, हस्ताक्षरात तीन पानं, फोटो पाठवल्याचं पहिल्याच पानावर. लिहिताना हात थरथरला हे खरं, पण त्या दिवसापासून त्याच्या त्या वाक्याची भीती गेली.

ग्राहक आयोगातही तक्रार केली. अशा फसवणुकीत अडकलेल्यांना हे माहीत नसतं म्हणून सांगतो: २०१९च्या कायद्यानं तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. १९१५ या हेल्पलाइनवर फोन केला तर रीत समजावून सांगतात. माझं घोडं अडलंय ते नोटीस बजावण्यापाशी. शेडला पाटी नव्हती, आता म्हणे शेडही नाही.

‘व्हीए’चा नाद सोडला. ती नोंदणी मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीची असते आणि माझ्या गाडीतलं मूळ इंजिनच मी टेम्पोत घालून पाठवलं. आरसीची मुदतही संपली. गाडी अंगणात ताडपत्रीखाली आहे, बॉनेटखाली मोकळी जागा. तडकलेला ब्लॉक मेस्त्रींच्या शेडमध्ये पुराव्याला म्हणून ठेवलाय. ते आता नीट कागद असलेला दुसरा ब्लॉक शोधताहेत. मिळाला तर बिल आणि नंबर आधी, पैसे नंतर, आणि बोअर मोजल्याशिवाय गाडीभाडंसुद्धा द्यायचं नाही, असं त्यांनीच मला बजावलंय.

मागच्या महिन्यात ताडपत्री काढून डॅशबोर्डचा खण साफ करत होतो. विम्याच्या जुन्या कागदांत उद्यमनगरातल्या एका लेथचं १९८६चं बिल सापडलं. अण्णांनी तेव्हा इंजिन करून घेतलं होतं. मागच्या बाजूला त्यांच्या मास्तरी अक्षरात लिहिलंय: बोअर ०.४० केला. पुढं ०.६०, ०.८० आणि १.०० शिल्लक.

वकिलाला दाखवलं. तो म्हणाला, तक्रारीला याचा काही उपयोग नाही. मी ते पुन्हा खणात ठेवलं.