ब्लेंडर: फुकटातलं सॉफ्टवेअर ऑस्करच्या दारापर्यंत कितपत नेतं?

मार्च २०२५मध्ये लाटव्हियाच्या ‘फ्लो’नं सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर पटकावलं. समोर ‘इनसाइड आउट २’ होता, ज्यानं जगभरात दीड अब्ज डॉलरहून जास्त गल्ला केला होता. ‘द वाइल्ड रोबॉट’ होता, ‘वॉलेस अँड ग्रोमिट’ होता. ‘फ्लो’चं बजेट सुमारे ३५ लाख युरो आणि सगळा सिनेमा ब्लेंडर या त्रिमिती ॲनिमेशनच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये केलेला. तेव्हापासून ॲनिमेशन शिकवणाऱ्या क्लासेसच्या जाहिरातींत ‘ऑस्करविजेतं सॉफ्टवेअर’ हे शब्द झळकायला लागले. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं कळायचं तर हे सॉफ्टवेअर कुठे साथ देतं आणि कुठे हात वर करतं ते तपशिलात पाहावं लागतं.

किंमत शून्य. चाचणीपुरतं नाही, विद्यार्थ्यांपुरतं नाही, कायमचं. २००२मध्ये जगभरच्या वापरकर्त्यांनी एक लाख युरो जमवून त्याचा कोड खुला करून घेतला आणि आता ॲमस्टरडॅमची ब्लेंडर फाउंडेशन ते सांभाळते. मॉडेलिंग (वस्तू-पात्रं घडवणं), रिगिंग (पात्र हलवण्यासाठी आत हाडांचा सांगाडा बसवणं), ॲनिमेशन, लाइटिंग, रेंडर (मांडलेल्या दृश्यातून अंतिम चित्र काढणं), काटछाट हे सगळं एकाच प्रोग्रॅममध्ये. एकट्यानं काम करणाऱ्याला हे वरदान आहे, कारण एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात फाइल नेताना जे मोडतं (हाडांच्या दिशा, स्केल, पृष्ठभागावरच्या चित्रांचे म्हणजे टेक्सचरचे मार्ग) ते मोडायची वेळच येत नाही.

आता मुख्य मुद्दा, रेंडर. ब्लेंडरमध्ये दोन प्रमुख इंजिनं आहेत. सायकल्स प्रकाशाचा प्रत्येक किरण मोजतं, दिसायला अस्सल, पण सावकाश. ईव्ही हे गेमसारखं ग्राफिक्स कार्डावर झटपट चित्र काढतं. ‘फ्लो’ ईव्हीमध्ये रेंडर झाला आणि त्या निर्णयाशिवाय तो सिनेमा एवढ्या पैशांत झालाच नसता. हिशेब करून बघा. ८५ मिनिटांचा सिनेमा, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे १,२२,४०० फ्रेम. एका फ्रेमला १० सेकंद लागले तर एक मशीन सलग चालवून साधारण १४ दिवसांत पूर्ण सिनेमा बाहेर पडतो. तीच फ्रेम सायकल्समध्ये १० मिनिटं घेत असेल तर ८५० दिवस. आणि सिनेमा एकदाच रेंडर होत नाही. लाइट बदलतो, कॅमेरा हलतो, शॉट तीनदा-चारदा काढावा लागतो. १४ दिवसांचं काम चारदा करता येतं. ८५० दिवसांचं एकदाही करता येत नाही, त्यासाठी भाड्याचं रेंडर फार्म, म्हणजे एकाच वेळी रेंडर करणाऱ्या अनेक मशीनांचा ताफा लागतो आणि ‘फुकट’ हा शब्द तिथेच संपतो.

पण ईव्हीचे दोष माहीत नसतील तर ते भर प्रॉडक्शनमध्ये कळतात. पहिला दोष प्रतिबिंबांचा. ईव्ही पडद्यावर जे दिसतंय त्यातूनच प्रतिबिंब तयार करतं. काठावरचं झाड फ्रेमबाहेर गेलं की पाण्यातलं त्याचं प्रतिबिंबही गायब. कॅमेरा हळू फिरत असेल तर कडेची प्रतिबिंबं वितळल्यासारखी नाहीशी होताना स्पष्ट दिसतात. सपाट पाण्यासाठी प्लेनर प्रोब (सपाट पृष्ठभागावरचं प्रतिबिंब वेगळं टिपणारी सोय) लावता येतो, पण तो दृश्य जवळजवळ दुसऱ्यांदा रेंडर करतो आणि लाटा असल्या की त्याचा उपयोग मर्यादित. दुसरा दोष पारदर्शक वस्तूंचा. काच, पानं, पाण्याचा थर एकामागे एक आले की कुठलं पुढे आणि कुठलं मागे यात गोंधळ होतो. तिसरा मोशन ब्लरचा, म्हणजे वेगानं हलणाऱ्या वस्तूच्या धूसरपणाचा. तो नीट हवा तर स्टेप्स वाढवाव्या लागतात आणि तेवढ्या पटीत वेळ वाढतो. चौथी गोष्ट खरेदीच्या आधी कळायला हवी: ईव्ही एका वेळी एकच ग्राफिक्स कार्ड वापरतं. सायकल्ससाठी दोन कार्डांचा फायदा होतो, ईव्हीसाठी दुसऱ्या कार्डाचे पैसे पाण्यात. त्याऐवजी ८ जीबी किंवा जास्त मेमरीचं एकेक कार्ड असलेली दोन मशीनं घ्या.

दोन मशीनवर काम वाटून देण्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. दोन्हीकडे तीच फाइल, नेटवर्कवरचं तेच आउटपुट फोल्डर, आउटपुट सेटिंगमध्ये ‘प्लेसहोल्डर्स’ चालू आणि ‘ओव्हरराइट’ बंद. एक मशीन फ्रेम हातात घेताच तिथे रिकामी फाइल ठेवतं, दुसरं ती फ्रेम सोडून पुढची घेतं. अडचण एकच. वीज गेली किंवा ब्लेंडर मध्येच बंद पडलं तर शून्य बाइटची फाइल तशीच राहते आणि ती फ्रेम झाली असं समजून दोन्ही मशीनं पुढे जातात. म्हणून सकाळी आकारानुसार फाइली लावायच्या, शून्यवाल्या उडवायच्या आणि रेंडर पुन्हा सुरू करायचं. थेट व्हिडिओ फाइलमध्ये रेंडर कधीच करू नये. ९०व्या टक्क्याला वीज गेली तर पूर्ण फाइल वाया जाऊ शकते. प्रत्येक फ्रेम स्वतंत्र चित्र म्हणून, १६ बिट ईएक्सआर या फाइल प्रकारात काढावी. २०४८ बाय १०८० आकाराची तीन रंगांची एक फ्रेम कॉम्प्रेस करण्याआधी सुमारे १३ एमबी भरते, पूर्ण सिनेमा सुमारे १.६ टीबी. बॅकअप धरून डिस्कवरची जागा त्याच्या दुप्पट धरा.

‘फ्लो’ बघताना हे सगळे दोष जाणवत नाहीत, कारण दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिसनं शैलीच त्याला साजेशी निवडली. सिनेमातल्या मांजराचा एकेक केस दिसत नाही, अंगावर रंगवल्यासारखा पोत आहे. मोशन कॅप्चर (खऱ्या हालचाली सेन्सर-कॅमेऱ्यांनी टिपून पात्राला देणं) नाही, प्राण्यांच्या हालचाली हातानं केलेल्या आहेत. कागदावरचा स्टोरीबोर्ड न करता त्यानं थेट त्रिमितीत, कॅमेरा फिरवत शॉट शोधले, म्हणून तिथे मिनिटामिनिटांचे सलग शॉट आहेत. काम करता करताच जवळजवळ अंतिम चित्र समोर दिसणं हे ईव्हीचं खरं बळ, आणि त्याचा उपयोग त्यानं लेखणीसारखा केला. पाणी मात्र तिथेही सरळ सुटलं नाही. लहान उसळ्या-शिंतोडे आणि मोठ्या लाटा यांसाठी वेगवेगळे मार्ग शोधावे लागले. ब्लेंडरबरोबर येणाऱ्या फ्लुइड सिम्युलेशनवर (पाण्याची हालचाल गणितानं काढणाऱ्या सोयीवर) पुराचे प्रसंग उभे करायचा बेत असेल तर तो आजच सोडा. बेकिंगला, म्हणजे ती हालचाल आधी मोजून साठवायला तास न् तास जातात, त्या साठवलेल्या कॅश फाइलींनी डिस्क भरते आणि रिझोल्युशन वाढवलं की पाण्याची चालच बदलते, म्हणजे कमी रिझोल्युशनवर मंजूर केलेला शॉट अंतिम रेंडरमध्ये वेगळाच निघतो.

हातानं काढलेल्या ॲनिमेशनसाठी ग्रीस पेन्सिल आहे. ब्लेंडरमधलं हे सर्वांत दुर्लक्षित अंग म्हणावं लागेल. २०१९चा फ्रेंच ‘आय लॉस्ट माय बॉडी’ त्याच्या मदतीनं झाला आणि ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला, म्हणजे ‘फ्लो’च्या कितीतरी आधी ही वाट चालून झाली होती. ४.३ आवृत्तीत ग्रीस पेन्सिल मुळापासून नव्यानं लिहिली गेली. वेग वाढला, पण जुने ॲड-ऑन (ब्लेंडरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) मोडले.

चमू वाढला की ब्लेंडर कुरकुरतं. पात्राची मूळ फाइल एक, शॉटच्या फाइली शंभर, आणि त्यात पात्र ‘लिंक’ करून (मूळ फाइलीशी जोडून) ‘लायब्ररी ओव्हरराइड’नं, म्हणजे मूळ फाइल न बदलता हलवायचं, अशी रीत आहे. रिगमधल्या एखाद्या हाडाचं नाव कुणी मधेच बदललं तर शॉटमधल्या ॲनिमेशनला ते हाड सापडत नाही, कारण कीफ्रेम (कुठल्या क्षणी हाड कुठे, याच्या नोंदी) हाडाच्या नावावर बांधलेल्या असतात. पात्राचा हात अचानक लटकतो आणि एरर काहीच येत नाही. नियम एकच: ॲनिमेशन सुरू झालं की रिगमधली नावं गोठवायची. पाच माणसांपर्यंत हे शिस्तीनं निभतं. पन्नास माणसांसाठी कुठला शॉट कुणाकडे आणि कुठल्या टप्प्यावर, याचा माग ठेवणारी वेगळी यंत्रणा आणि ती चालवणारा माणूस लागतो. त्याचा पगार काही ब्लेंडर देत नाही.

मराठीत काम करणाऱ्यांना एक खास डोकेदुखी आहे. ४.५पर्यंतच्या ब्लेंडरच्या टेक्स्ट ऑब्जेक्टमध्ये देवनागरी नीट बसत नाही. जोडाक्षरं सुटी पडतात, पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. युनिकोड फाँट बदलून उपयोग नाही, दोष अक्षरं जुळवणाऱ्या यंत्रणेत आहे. श्रेयनामावली इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून, अक्षरांचं पाथमध्ये (रेषांच्या आकृतीत) रूपांतर करून एसव्हीजी फाइल म्हणून आत घ्यावी. मग ती नुसती आकृती असते, मोडत नाही.

शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे ध्वनी आणि थिएटरची प्रत इथे, ब्लेंडर जवळपास निरुपयोगी आहे. त्याच्या एडिटरमध्ये कच्ची काटछाट ठीक, मिक्सिंग नाही. थिएटरच्या डिजिटल प्रोजेक्टरला लागणारं डीसीपी (सिनेमाची डिजिटल प्रत) ते काढत नाही. डीसीपी-ओ-मॅटिक हे फुकटचं साधन ते काम करतं. फ्रेमचा रंगावकाश (रंग कुठल्या पद्धतीनं नोंदवलेत ते) तिथे बरोबर सांगायला विसरलात तर पडद्यावर चित्र फिकट किंवा गडद येतं. ४.० पासून ब्लेंडरचा मूळ व्ह्यू ट्रान्सफॉर्म (मोजलेले रंग पडद्यावर कसे दाखवायचे ते ठरवणारी सेटिंग) ‘एजीएक्स’ झाला आहे. तो भडक रंगांना सौम्य करतो. हातानं रंगवलेली, सपाट शैली असेल तर ‘स्टँडर्ड’ निवडा, नाहीतर निवडलेला लाल पडद्यावर वेगळाच दिसेल.

आता पुरस्काराची बाजू, कारण सॉफ्टवेअरची जाहिरात त्याच्याच नावावर चाललीय. ऑस्करच्या ॲनिमेशन विभागात यायचं तर सिनेमा ४० मिनिटांहून मोठा हवा, किमान ७५ टक्के लांबीत ॲनिमेशन हवं आणि नुसतं मोशन कॅप्चर हे ॲनिमेशन धरलं जात नाही. रोकडा नियम थिएटरचा आहे: लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्कोचा बे एरिया, शिकागो, डॅलस-फोर्ट वर्थ किंवा अटलांटा यांपैकी एका ठिकाणी सलग सात दिवस तिकीट लावून, रोज किमान तीन खेळ आणि त्यातला एक संध्याकाळी सहा ते दहाच्या दरम्यान. नुसत्या स्टिरिओ आवाजावर भागत नाही, डावा, मधला, उजवा असे तीन चॅनेल तरी लागतात. हे केलं की सिनेमा पात्र यादीत येतो. पात्र यादी म्हणजे नामांकन नव्हे, हे आपल्याकडच्या बातम्या दरवर्षी विसरतात. २०१२मध्ये ‘दिल्ली सफारी’ २१ सिनेमांच्या यादीत होता आणि २०२५च्या ‘महावतार नरसिंह’चं नाव ३५ सिनेमांच्या यादीत होतं. दोघांनाही अंतिम पाचांत जागा मिळाली नाही.

मग जिंकायची शक्यता कशानं वाढते? २००२मध्ये हा पुरस्कार पहिल्यांदा ‘श्रेक’ला मिळाला, तेव्हापासून ‘सोल’पर्यंत एकट्या पिक्सारनं तो ११ वेळा नेला. अलीकडे मात्र डेल टोरोचा स्टॉप-मोशन ‘पिनोकिओ’, मियाझाकींचा हातानं काढलेला ‘द बॉय अँड द हेरॉन’ आणि मग ‘फ्लो’ असा क्रम लागला. चकाचक रेंडर ही आता अट राहिलेली नाही. छोट्या सिनेमाची खरी अट आहे दिसण्याची. ‘फ्लो’ मे २०२४मध्ये कानच्या ‘अं सर्तेन रगार’ विभागात झळकला, जूनमध्ये फ्रान्समधल्या आनसीच्या ॲनिमेशन महोत्सवाहून चार पुरस्कार घेऊन आला, अमेरिकेत जेनस फिल्म्स आणि साइडशो या वितरकांनी त्याला नोव्हेंबरमध्ये थिएटरात आणलं, जानेवारीत गोल्डन ग्लोब. ही साखळी निर्माते आणि वितरक बांधतात. संवाद नसल्यानं सबटायटलचा अडसर नव्हता, हाही फायदा. आणि कार्टून सलून या आयरिश स्टुडिओचे चार देखणे सिनेमे नामांकन मिळवूनही रिकाम्या हातानं परतले, हे ध्यानात ठेवलेलं बरं. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या मुख्य पुरस्काराची तर गोष्टच सोडा, तिथे ‘ब्युटी अँड द बीस्ट’, ‘अप’ आणि ‘टॉय स्टोरी ३’ एवढ्याच तिघांना नामांकन मिळालं, जिंकलं कुणीच नाही.

तर ब्लेंडर घ्यावं का? एक ते पाच माणसांचा चमू, शैलीदार चित्रण, प्राणी किंवा मोजकी पात्रं असतील तर बिनधास्त, पाचपैकी साडेचार. ओले केस जवळून दाखवायचे असतील, हजारोंची गर्दी किंवा खराखुरा पूर हवा असेल तर तीन, आणि सिम्युलेशनसाठी हूडिनी हे सॉफ्टवेअर जाणणारा माणूस सोबत घ्या.

आवृत्तीबद्दल एक सांगायलाच हवं. लांबचं काम असेल तर एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्तीच धरा. जुलै २०२५मध्ये आलेल्या ४.५ एलटीएसला दोन वर्षं दुरुस्त्या मिळतात. पूर्ण लांबीच्या सिनेमाला त्याहून जास्त वेळ लागतो, ‘फ्लो’ला पाच वर्षांहून अधिक लागला. ४.२मध्ये ईव्ही नव्यानं लिहिलं गेलं तेव्हा जुन्या फाइलींमधल्या सावल्या आणि प्रकाश बदलले, ब्लूमची (उजळ भागाभोवतीच्या चमकेची) सोयही इंजिनातून निघून कंपोझिटरमध्ये, म्हणजे रेंडरनंतर चित्रावर संस्कार करणाऱ्या भागात गेली. त्यामुळे एकदा निवडलेली आवृत्ती सिनेमा संपेपर्यंत बदलायची नाही. तिची इन्स्टॉल फाइल आणि वापरातल्या प्रत्येक ॲड-ऑनची झिप प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये ठेवायची, आणि ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर आपोआप अपडेट होणं बंद करायचं.